संगणकाच्या पिठाचा डबा

लग्नसराई संपत आली, की गावातल्या कोणत्याही फोटो स्टुडिओत एक वाक्य हमखास कानावर येते : "सी ड्राइव्ह फुल्ल झाली हो!" लग्नांचे सारे चित्रण तर बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवलेले असते. सी ड्राइव्हवर कोणी मुद्दाम एकही चित्रफीत ठेवलेली नसते. मग ती भरते कशाने? ती रिकामी करण्यासाठी कोणी घाईघाईने काहीतरी पुसून टाकले, तर कधी सारे सुरळीत होते, आणि कधी एखाद्या घरचा लग्नसोहळा कायमचा नाहीसा होतो. एकाच कृतीचे असे दोन टोकांचे परिणाम का व्हावेत?

हा प्रश्न आता केवळ स्टुडिओवाल्यांचा राहिलेला नाही. आमच्या हिमायतनगरात, म्हणजे जुन्या वाढोण्यात, महाशिवरात्रीला श्री परमेश्वराची यात्रा भरते. यात्रेतली गर्दी, पाळणे, मिठाईची दुकाने मोबाइलवर टिपायची, त्याला संगीत जोडायचे आणि चार मिनिटांची चित्रफीत तयार करायची, हे नववी-दहावीतल्या मुलामुलींना आता सहज जमते. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे चित्रण संगणक-कक्षात बसून जुळवणारे शिक्षकही पुष्कळ आहेत. या सगळ्यांना कधी ना कधी 'कॅशे' हा शब्द भेटतो आणि त्याच्या शेजारी 'साफ करा' असे बटण दिसते. ते दाबावे की नाही याचा नियम पाठ करण्यापेक्षा, ते दाबल्यावर नेमके काय पुसले जाते हे आपण समजून घेऊ.

मराठवाड्यातल्या घरात ज्वारी कशी ठेवतात ते तुम्ही पाहिलेच आहे. वर्षाची ज्वारी कणगीत किंवा कोठीत असते. पण भाकरीच्या वेळी मूठभर ज्वारी घेऊन कोणी रोज गिरणीकडे धावत नाही. आठ-दहा दिवसांचे दळण एकदम आणून डब्यात भरून ठेवतात. डब्यातल्या पिठाने घरातले धान्य वाढत नाही. ते कणगीतल्याच ज्वारीचे, पण लगेच वापरता येईल असे रूप असते. पिठात अळ्या झाल्या तर ते टाकून द्यावे आणि पुन्हा दळून आणावे. गिरणीची एक फेरी वाढते, इतकेच. कणगीतच पाणी शिरले तर मात्र पुढच्या सुगीपर्यंत काही खरे नाही.

संपादनाच्या संगणकात कॅमेऱ्यातून आलेले मूळ चित्रण ही कणगी, आणि कॅशे हा पिठाचा डबा. मूळ शब्द फ्रेंच भाषेतला. 'लपवून ठेवणे' अशा अर्थाच्या क्रियापदापासून तो आला. इंग्रजीत त्याचा उच्चार नगद पैशाच्या कॅशसारखाच होतो, पण आपल्याकडे 'कॅशे' रूढ झाले आहे आणि घोटाळा टाळायला ते सोयीचेच आहे. कल्पना मात्र चित्रफितींपेक्षा बरीच जुनी आहे. केंब्रिजचे संगणकशास्त्रज्ञ मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली असे सुचवले, की मोठ्या पण संथ स्मृतीच्या पुढे एक लहान आणि चपळ स्मृती ठेवावी आणि नुकतेच लागलेले आकडे तिच्यात हाताशी ठेवावेत. आयबीएम कंपनीने १९६८ साली जाहीर केलेल्या ३६० मालिकेतील ८५ क्रमांकाच्या संगणकात अशी स्मृती प्रत्यक्ष बसवली गेली, आणि 'कॅशे' हे नाव तिथूनच पुढे रूढ झाले. तुम्ही पाढे पाठ करता ते याहून वेगळे काय आहे? सतरा नव्वे किती, हे दर वेळी सतरा नऊदा मिळवून काढता येईलच. पण एकदा काढलेले उत्तर डोक्यात ठेवले, की वेळ वाचतो.

आता संगणकाला हे पीठ दळून ठेवण्याची एवढी गरज का पडते, ते आकड्यांनी पाहू. वहीपेन्सिल घ्या.

चित्रफीत म्हणजे एकामागून एक दाखवलेल्या स्थिर चित्रांची मालिका. अशा प्रत्येक चित्राला आपण चौकट म्हणू. स्टुडिओत तिला फ्रेम म्हणतात. आपल्याकडे बहुधा सेकंदाला २५ चौकटी घेतात. नेहमीच्या 'फुल एचडी' चौकटीत आडवे १९२० आणि उभे १०८० चित्रबिंदू असतात, म्हणजे एकूण २०,७३,६००. प्रत्येक बिंदूचा तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन आकडे, प्रत्येकी एक बाइट. म्हणजे एका चौकटीला सुमारे ६२ लाख बाइट लागतात. सेकंदाला २५ चौकटी म्हणजे साडेपंधरा कोटी बाइट. एका तासाचा हिशेब केलात तर उत्तर येईल सुमारे ५६० गिगाबाइट! बोटाच्या नखाएवढ्या मेमरी कार्डवर हे मावावे कसे?

ते मावत नाहीच. म्हणून कॅमेरा चित्रण दाबून, म्हणजे संक्षेप करून साठवतो. सेकंदाला २४ मेगाबिट या वेगाने साठवणारा कॅमेरा घेतला, तर सेकंदाला ३ मेगाबाइट आणि तासाला १०.८ गिगाबाइट होतात. पाचशे साठचे अकरा! ही किमया मुख्यतः एका युक्तीवर चालते. मंगलाष्टके चालू असताना नवरा-नवरी, अंतरपाट, मागचा मांडव हे सारे एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जवळजवळ तसेच राहते. हलतात ते अक्षता टाकणारे हात. म्हणून कॅमेरा एखादी चौकट पूर्ण लिहितो आणि त्यानंतरच्या काही चौकटींत फक्त 'मागच्यापेक्षा काय बदलले' तेवढेच लिहितो. काही वेळाने पुन्हा एक पूर्ण चौकट येते. पुढच्या चौकटीचा आधार घेऊन मधली चौकट लिहिण्याचीही पद्धत आहे, पण तिच्या खोलात आपण जायला नको.

साठवायला ही युक्ती उत्तम आहे, संपादनाला मात्र गैरसोयीची. समजा, दर बारावी चौकट पूर्ण आहे आणि तुम्हाला नेमकी अकरावी चौकट पाहायची आहे. संगणकाला पहिलीपासून सुरुवात करून सगळे बदल एकेक करून लावत यावे लागते. तेवढ्यात तुम्ही रंग थोडे उजळले, वर वधू-वरांची नावे चढवली, एका दृश्यात दुसरे दृश्य विरघळवले. मग प्रत्येक बिंदूचे गणित आणखी वाढले. सेकंदाला २५ चौकटी दाखवायच्या, तर एका चौकटीला वेळ मिळतो सेकंदाचा पंचविसावा भाग, म्हणजे ४० मिलिसेकंद. गणिताला १२० मिलिसेकंद लागत असतील, तर चित्र अडखळणारच. यावर उपाय एकच : हिशेब एकदा सावकाश करावा, तयार चौकटी डिस्कवर लिहून ठेवाव्यात आणि पुढच्या वेळी नुसत्या वाचून दाखवाव्यात. या तयार चौकटींच्या फाइलींना 'प्रीव्ह्यू' किंवा 'रेंडर कॅशे' म्हणतात. इथे वेळ वाचवण्यासाठी जागा खर्च केली जाते. ती किती, हेही पाहा. या चौकटी लवकर वाचता याव्यात म्हणून कमी दाबून लिहितात. प्रोरेस ४२२ या रूपात आपल्या फुल एचडी चित्राला सेकंदाला १२२ मेगाबिट लागतात. तासाला सुमारे ५५ गिगाबाइट झाले. मूळ चित्रणाच्या पाचपट! एक पायली ज्वारीचे पाच पायल्या पीठ झालेले कोणी पाहिले नसेल, पण संगणकात ते रोज होते.

आवाजाची गोष्ट याहून मजेदार आहे, कारण सी ड्राइव्ह भरण्याचे कोडे तिथेच सुटते. कॅमेऱ्याने आवाजही दाबून ठेवलेला असतो. अडोबीच्या प्रीमियर या लोकप्रिय आज्ञावलीत असे चित्रण घेतले, की ती सगळा आवाज उलगडून वेगळ्या फाइलीत लिहून ठेवते. सेकंदाला ४८,००० नमुने, डावा-उजवा असे दोन मार्ग आणि प्रत्येक नमुन्याला ४ बाइट. गुणाकार करा : सेकंदाला ३,८४,००० बाइट, तासाला सुमारे १.३८ गिगाबाइट. लग्नात तीन कॅमेरे प्रत्येकी सहा तास चालले असे धरू. अठरा तासांच्या आवाजाचे जवळजवळ २५ गिगाबाइट झाले. अशी दहा लग्ने उरकली, की केवळ आवाजाच्या पिठाने २५० गिगाबाइटचा डबा शिगोशीग भरतो. हा डबा ठेवण्याची ठरलेली जागा विंडोजच्या संगणकात कुठे असते? सी ड्राइव्हवर, वापरणाऱ्याच्या नावाच्या फोल्डरच्या पोटात, सहसा डोळ्यांना न दिसणाऱ्या एका कप्प्यात. आणि स्टुडिओच्या संगणकातली सी ड्राइव्ह पुष्कळदा असते २५६ गिगाबाइटची. चित्रण बाहेरच्या डिस्कवर असूनही सी ड्राइव्ह का भरली, ते आता वेगळे सांगायला नको.

याच कप्प्यात आणखी एका प्रकारच्या लहान फाइली असतात. पडद्यावर आवाजाची जी डोंगररांगेसारखी नक्षी दिसते, ती काढण्यासाठी त्या लागतात. तासाभराच्या आवाजात एका मार्गाचे १७ कोटी २८ लाख नमुने असतात आणि पडद्याची रुंदी जेमतेम दोन हजार बिंदूंची. दर वेळी सतरा कोटी आकडे चाळण्याऐवजी, ठरावीक नमुन्यांच्या गटातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा टिपून ठेवतात. जनगणनेचे तालुकावार गोषवारे असतात ना, तसेच हे.

सी ड्राइव्ह भरली तर बिघडते काय? नुसती जागा संपते, असे नाही. संगणकाची कार्यकारी स्मृती कमी पडू लागली, की विंडोज तिच्यातला काही मजकूर तात्पुरता डिस्कवर उतरवते. तिला जागा न मिळाल्यास सगळे काम रखडते. केलेले काम साठवतानाही अडचण येऊ शकते. शिवाय आजची सी ड्राइव्ह बहुधा एसएसडी प्रकारची, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी अर्धवाहकांची असते, आणि तिचे भौतिकशास्त्र समजून घेण्याजोगे आहे. तिच्यात असंख्य सूक्ष्म सापळे असतात. प्रत्येक सापळा विद्युतरोधक थराने वेढलेला असतो. विशिष्ट विद्युत्दाब दिला की इलेक्ट्रॉन त्या रोधक थरातून पार होऊन सापळ्यात अडकतात. सामान्य नियमांनी त्यांना तिथून जाता येऊ नये, पण पुंजयामिकी त्यांना ती मुभा देते. वीज बंद केली तरी ते वर्षानुवर्षे आत राहतात. हीच आपली साठवलेली माहिती. मात्र इथे लिहायचे पानापानाने आणि पुसायचे गठ्ठ्यागठ्ठ्याने, असा नियम आहे. एका गठ्ठ्यात शेकडो पाने असतात. लिहिलेल्या पानावर पुन्हा थेट लिहिता येत नाही. डिस्क काठोकाठ भरली, की दोन पाने लिहिण्यासाठीसुद्धा एखाद्या गठ्ठ्यातली कामाची पाने आधी दुसरीकडे उतरवून घ्यावी लागतात, मग तो गठ्ठा पुसायचा, मग लिहायचे. म्हणून भरलेली एसएसडी मंदावते.

पुसण्याबद्दलही इथेच सांगून टाकतो. फिरत्या तबकडीच्या डिस्कवरून फाइल पुसली, तर बहुधा फक्त तिची नोंद जाते. ग्रंथालयाच्या सूचीतून कार्ड काढले तरी पुस्तक कपाटातच राहावे, तशी माहिती त्या जागी काही काळ राहते. त्या डिस्कवर काहीही नवे लिहिले नाही, तर जाणकाराला ती परत मिळवता येण्याची आशा असते. एसएसडीचे तसे नाही. फाइल पुसताच संगणक डिस्कला कळवतो, की ही पाने आता नकोत. आणि डिस्क सवडीने ते गठ्ठे खरोखरच मोकळे करते. सापळ्यातले इलेक्ट्रॉन एकदा काढून घेतले, की त्यांची पूर्वीची मांडणी कोणालाच सांगता येत नाही. म्हणून एसएसडीवर चुकून पुसलेली चित्रफीत परत मिळेल, या भरवशावर राहू नये.

मग कॅशे कोणते आणि कॅशे नव्हे ते कोणते, हे ओळखायचे कसे? मी दोन प्रश्न विचारायला सांगेन. ही फाइल दुसऱ्या कशापासून पुन्हा तयार करता येईल काय? आणि ते 'दुसरे काही' आज आपल्याजवळ शाबूत आहे काय? दोन्हींची उत्तरे 'होय' असतील तरच ते पीठ. आवाजाच्या उलगडलेल्या फाइली, नक्षीच्या फाइली, रेंडर केलेल्या चौकटी या कसोटीला उतरतात. मूळ चित्रण पहिल्याच प्रश्नात अडते. अंतरपाट दूर झाल्याचा तो क्षण पुन्हा घडवून आणता येत नाही. प्रकल्पाची फाइलही अडते. ती आकाराने अगदी लहान असते, कारण तिच्यात चित्र नसतेच. कोणत्या चित्रणातला कुठून कुठपर्यंतचा तुकडा घ्यायचा, त्याचे रंग कसे करायचे, नावे कुठे चढवायची, या निर्णयांची ती वही असते. ती गेली तर मूळ चित्रण हाती राहते, पण पंधरा दिवसांची मेहनत जाते. संपादन हलके व्हावे म्हणून मूळ चित्रणाच्या ज्या लहान आवृत्त्या करतात, त्या 'प्रॉक्सी' मात्र पुन्हा करता येतात. संगणकाला त्यासाठी रात्रभर राबावे लागेल, म्हणून काम संपेपर्यंत त्या ठेवाव्यात हे बरे.

दुसरा प्रश्न लोक विसरतात, आणि खरी हानी तिथे होते. समजा, मूळ चित्रणाची डिस्कच बिघडली. अशा वेळी सी ड्राइव्हवरच्या त्या कप्प्यात पडून असलेली आवाजाची फाइल कॅशे राहिली काय? तिच्यात तर त्या चित्रणाचा सगळा आवाज आहे! जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या एखाद्या आजीचा आवाज त्यात असेल, आणि आजी आता नसतील. कणगी वाहून गेल्यावर डब्यातले पीठ हेच घरातले धान्य होते. मूळ चित्रण हरवल्याची शंका जरी आली, तरी काहीही साफ करू नये. त्या फाइलींतून आवाज किंवा रेंडर केलेल्या चौकटी बाहेर काढणे जाणकाराला कधी कधी साधते.

फिल्मच्या काळातल्या संपादकांना हा भेद शिकवावा लागत नसे, तो त्यांच्या हातांना माहीत असे. कॅमेऱ्यातून निघालेली निगेटिव्ह प्रयोगशाळेत जपून ठेवत आणि तिच्यावरून छापलेली एक पॉझिटिव्ह प्रत संपादकाला कापायला देत. ती प्रत कापली जाई, चिकटवली जाई, तिच्यावर पेन्सिलीच्या खुणा आणि ओरखडे पडत. त्याचे कोणाला काही वाटत नसे. फिल्मच्या कडेला छापलेले क्रमांक जुळवून शेवटी निगेटिव्ह एकदाच, फार जपून कापत. पुण्याला प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली चित्रपटशिक्षणाची संस्था सुरू झाली. तिथले विद्यार्थी वर्षानुवर्षे हीच पद्धत शिकले. आणि पुण्यानेच दुसरी बाजूही पाहिली. ८ जानेवारी २००३ रोजी या संस्थेच्या आवारातील फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि जुन्या नायट्रेट फिल्मची असंख्य रिळे जळून गेली. नायट्रेट फिल्म अतिशय ज्वालाग्राही. तिच्या घटनेतच प्राणवायू असल्याने ती एकदा पेटली की विझवणे महाकठीण. कापायची प्रत जळाली तर दुसरी छापता येते. मूळच जळाले, आणि दुसरीकडे प्रत नसली, तर छापायचे कशावरून?

संगणकाच्या जगात पीठ आणि ज्वारी एकाच डिस्कवर, एकसारख्या पिवळ्या फोल्डरांत नांदतात, म्हणून घोटाळा सोपा होतो. २०१७ साली प्रीमियर प्रोच्या ११.१ या आवृत्तीत असा प्रकार घडला. वापरणाऱ्याने कॅशेची जागा बदलून ती आपल्या इतर फाइली असलेल्या फोल्डरात नेली असेल, तर कॅशे साफ करताना शेजारच्या, कॅशेशी काहीही संबंध नसलेल्या फाइलीही पुसल्या जात. कंपनीने त्याच वर्षी ११.१.१ या आवृत्तीत दुरुस्ती केली आणि कॅशेचा फोल्डर मूळ चित्रणापासून वेगळा ठेवावा असे सुचवले. नोव्हेंबर २०१८ मध्ये एका अमेरिकन चित्रणकाराने कॅलिफोर्नियातील न्यायालयात कंपनीवर दावा लावला. आपल्या सुमारे एक लाख क्लिप गेल्या आणि त्या चित्रित करायला अडीच लाख डॉलर खर्च झाला होता, असे त्याचे म्हणणे होते. चूक आज्ञावलीत होती हे खरे, पण त्या क्लिपची दुसरी प्रत आणखी कुठे असती, तर ती चूक निव्वळ वैतागावर निभावली असती.

म्हणून कॅशेसाठी नवा, रिकामा, स्पष्ट नावाचा फोल्डर करावा. शक्य तर तो सी ड्राइव्ह सोडून दुसऱ्या वेगवान डिस्कवर असावा. त्यात दुसरे काहीही ठेवू नये. साफ करण्याचे काम हाताने फोल्डर शोधून पुसण्यापेक्षा आज्ञावलीलाच सांगावे. प्रीमियरच्या पसंतींमध्ये 'मीडिया कॅशे' नावाचा भाग आहे. कोणताही प्रकल्प उघडा नसताना तिथून सगळे कॅशे काढता येते, आणि अमुक दिवसांपेक्षा जुने आपोआप काढावे असेही सांगून ठेवता येते. दा विंची रिझॉल्व्ह या आज्ञावलीत 'प्लेबॅक' या यादीखाली रेंडर कॅशे पुसण्याची सोय आहे. सगळे, न वापरलेले किंवा निवडलेल्या क्लिपचे, असे तीन पर्याय मिळतात. तिच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. कॅशेच्या फोल्डरशेजारीच ती बहुधा 'गॅलरी' नावाचा दुसरा फोल्डर करते, आणि त्यात तुम्ही जपून ठेवलेले रंगसंस्कारांचे नमुने असतात. एकाच ठिकाणी दोन्ही आहेत म्हणून सरसकट वरचाच फोल्डर उडवणाऱ्याचे हे नमुनेही जातात.

मोबाइलवर तर दोन बटणे अगदी हाताला हात लावून उभी असतात. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये एखादे ॲप उघडून त्याच्या स्टोरेजमध्ये गेलात, तर एक असते 'कॅशे साफ करा' आणि दुसरे 'डेटा साफ करा'. काही फोनांवर त्यालाच 'स्टोरेज साफ करा' म्हणतात. पहिल्याने पीठ जाते. जागा फारच कमी पडली तर अँड्रॉइड स्वतःहूनही ते काढून टाकते. दुसऱ्याने ॲपच्या पोटातले सगळे जाते. त्यात अर्धवट राहिलेल्या तुमच्या चित्रफितींचे मसुदेही आले. यात्रेच्या चित्रफितीवर चार दिवस घालवले असतील, तर हा फरक बोट टेकवण्यापूर्वी लक्षात घ्या. 'फोन स्वच्छ करून वेगवान करतो' अशी जाहिरात करणारी वेगळी ॲप मला तरी निरुपयोगी वाटतात. जे फोन स्वतः करतो तेच ती पुन्हा करतात, आणि वर स्वतःची जागा अडवतात ती निराळीच.

काही जणांना रोज रात्री कॅशे साफ करण्याची सवय असते. संगणक 'हलका' होतो अशी त्यांची समजूत. संध्याकाळी डबा झटकायचा आणि सकाळी पुन्हा गिरणीवर रांग लावायची, यात मला काही अर्थ दिसत नाही. संगणक ते सगळे पुन्हा दळत बसतो, काम उशिरा सुरू होते, आणि एसएसडीच्या सापळ्यांवर विनाकारण लिहिण्या-पुसण्याचा ताण पडतो. त्यांनाही ठरावीक फेऱ्यांचेच आयुष्य असते. काम पूर्ण करून घरच्यांच्या हाती दिले, मूळ चित्रणाच्या दोन प्रती दोन ठिकाणी असल्याची खात्री केली, की त्या कामाचे कॅशे खुशाल काढावे. दुसरा प्रसंग येतो तो पीठ शिळे झाल्यावर. ज्वारीचे पीठ फार दिवस राहिले तर त्याची विरी जाते, भाकरी थापताना तुटते. कॅशेचीही विरी जाते! मूळ फाइल तुम्ही बदललीत आणि नाव तेच ठेवलेत, तर आज्ञावली कधी कधी जुन्याच पिठाची भाकरी वाढते. मग एका क्लिपवर भलताच आवाज ऐकू येतो, रेंडर केलेला भाग हिरवा किंवा तुटका दिसतो. अशा वेळी मूळ चित्रण साध्या प्लेअरमध्ये लावून पाहावे. तिथे ते ठीक असेल तर दोष पिठात आहे. कॅशे काढा, प्रकल्प पुन्हा उघडा.

शाळेच्या संगणक-कक्षात हे सगळे तासाभरात करून पाहता येईल. केडेनलाइव्ह ही मोफत मिळणारी संपादनाची आज्ञावली शिक्षकांच्या मदतीने बसवून घ्या. मोबाइलवर दहा मिनिटांचे कोणतेही चित्रण करा, त्याची एक प्रत दुसरीकडे ठेवा आणि दुसरी प्रत आज्ञावलीत घ्या. आवाजाची नक्षी पूर्ण उमटायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर मोजा. प्रकल्प साठवून बंद करा, पुन्हा उघडा आणि पुन्हा मोजा. मग कॅशे-व्यवस्थापनाच्या खिडकीत जाऊन किती जागा अडली आहे ते वहीत उतरवा, फक्त ध्वनी आणि चित्र यांच्या लघुप्रतिमांचे कॅशे काढा आणि तिसऱ्यांदा मोजा. तिन्ही वेळा आणि अडलेली जागा हाती आली, की आणखी एक गणित सोडवा : तुम्ही काढलेल्या कॅशेच्या दर मेगाबाइटमागे किती सेकंद वाचत होते? संगणक-कक्षातला जुना, फिरत्या तबकडीचा संगणक आणि एसएसडी असलेला नवा, या दोहोंवर हेच करून पाहिलेत तर आकडे बरेच वेगळे येतील. ते का, याचा विचार करताना फिरत्या तबकडीचा वेग मिनिटाला ७,२०० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद, हे ध्यानात ठेवा.